ग्रामसभा मोबाईलवर लाईव्ह, पण गावाला काय बघायचंय हे विचारलं कुणी?

ग्रामपंचायतीसमोर मंडप. टेबलावर पाण्याची बाटली, बाटलीला टेकवून ठेवलेला एक मोबाईल. ग्रामसभा सुरू झाली की कुणीतरी पोरगा फेसबुक लाईव्ह चालू करतो. समोर बसलेली माणसं मोजून चाळीस. संध्याकाळी सरपंच सांगतात, "आपल्या ग्रामसभेला सहाशे व्ह्यूज आले." सहाशे आले हे खरं असेल. पण त्या सहाशेत पाच सेकंद थांबून पुढं सरकलेले किती? पुण्यात बसून शेवटपर्यंत बघणारे किती? आणि ज्यांच्या घरकुलाचा विषय होता त्यांनी बघितलं का? हे त्या आकड्यात दिसत नाही.

आपल्या जिल्ह्यात हे चित्र आता नवीन राहिलेलं नाही. १७ सप्टेंबर २०२५ पासून राज्यात मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झालं आणि गावागावांत स्पर्धा लागली. त्याच्या आधी महिनाभर, ऑगस्ट २०२५ मध्ये, केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयानं 'सभासार' नावाचं साधन आणलं. ग्रामसभेचं रेकॉर्डिंग त्यात टाकलं की कॉम्प्युटरच सभेचं इतिवृत्त तयार करून देतो. म्हणजे ग्रामसभेत कॅमेरा, निदान मोबाईल तरी, आता ठरलेलाच. वरच्या पातळीवर तर हे आधीच झालंय. लोकसभा टीव्ही २००६ मध्ये आली, राज्यसभा टीव्ही २०११ मध्ये, आणि १५ सप्टेंबर २०२१ ला दोन्ही मिळून संसद टीव्ही झाली. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचं कामकाजही २७ सप्टेंबर २०२२ पासून लोक घरबसल्या बघतात.

सरकार दाखवायला लागलं, ही चांगली गोष्ट आहे. त्याला कुणी वाईट म्हणणार नाही. अडचण एकच आहे. दाखवणारा ठरवतो आणि बघणारा बघतो. बघणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुला यातलं काय उपयोगी पडलं, काय समजलं नाही, आणि काय दाखवायचं राहून गेलं.

विचारायची रीत आपल्याकडं नव्हती असं मात्र नाही. उलट खेड्यातल्या माणसाला सरकारी प्रसारणाबद्दल नीट विचारण्याचं देशातलं एक मोठं काम मराठी मुलखातच झालं. आज किती जणांना ते आठवतं, देव जाणे.

१९५६ सालची दीडशे गावं

फेब्रुवारी ते एप्रिल १९५६. आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पुणे, अहमदनगर, उत्तर सातारा, दक्षिण सातारा आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक माणसांचं एक श्रोता मंडळ केलं. आठवड्यातून दोन दिवस अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. माणसं रेडिओभोवती बसून ऐकायची आणि रेडिओ बंद झाला की खरी गंमत सुरू व्हायची. ऐकलेल्यावर चर्चा व्हायची, मंडळाचा एक जण ती लिहून काढायचा, आणि शंका-सवाल पुण्याला पाठवायचा. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत यायची. गावातून कागद गेला की रेडिओ बोलायचा, असं ते गणित होतं.

यात शिकण्यासारखी गोष्ट पुढं आहे. हे सगळं कितपत उपयोगी पडलं, ते तपासायचं काम आकाशवाणीनं स्वतःकडं ठेवलं नाही. ते टाटा समाजविज्ञान संस्थेला दिलं. पॉल न्यूराथ नावाचे समाजशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते. त्यांनी तीन प्रकारची गावं घेतली. काही गावांत रेडिओ होता आणि मंडळही होतं. काही गावांत नुसता रेडिओ होता. आणि काही गावांत दोन्ही नव्हतं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी लोकांना प्रश्न विचारले, आणि संपल्यावर पुन्हा विचारले.

निष्कर्ष असा निघाला की मंडळाच्या गावांत लोकांचं ज्ञान चांगलंच वाढलं, आणि नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्या मानानं फारच कमी. यंत्र दोन्हीकडं होतं, आवाजही एकच होता. फरक पडला तो बसून बोलण्यानं आणि आपला प्रश्न वर पोचतो या खात्रीनं. हे आधी आणि नंतर, आणि मंडळ असलेल्या-नसलेल्या गावांत विचारलं म्हणूनच कळलं. नुसती रेडिओंची संख्या मोजली असती तर तिन्हीपैकी दोन प्रकारची गावं सारखीच दिसली असती. आजचे व्ह्यूज म्हणजे दुसरं काय, रेडिओंची संख्याच.

आता आपल्या भागाचं बघा. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. राज्य पुनर्रचना झाली ती १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे प्रयोग संपल्यावर सहा महिन्यांनी. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्याचा एक भाग, आणि स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडावा लागला. त्यामुळं त्या दीडशे गावांत आपलं एकही गाव नव्हतं.

उपग्रह शेजारून गेला

दुसरी मोठी संधी १९७५ ला आली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं बरोबर एक वर्ष अमेरिकेचा एक उपग्रह भारताला वापरायला मिळाला, आणि इस्रोनं त्यावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही दाखवला. या प्रयोगाला 'साइट' म्हणतात. शाळेच्या नाहीतर पंचायतीच्या इमारतीवर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची मोठी छत्री, आणि खाली अख्ख्या गावासाठी एक टीव्ही. सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आंध्र आणि कर्नाटक होते. गुलबर्गा, रायचूर, मेदक, महबूबनगर, म्हणजे आपल्या जुन्या हैदराबाद राज्यातले जिल्हे होते. मराठवाडा पुन्हा बाहेर. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ लाच सुरू झालेलं होतं, पण ते मुंबईचं. खेड्यासाठी टीव्ही आमच्या दारावरून पुढं गेला.

साइटमध्येही विचारपूस जोरात झाली. इस्रोनं स्वतःचे सामाजिक संशोधक नेमले. काही जण तर महिनोन् महिने गावातच मुक्कामाला होते. टीव्हीसमोर कोण कुठं बसतं, बाया कधी उठून जातात, कुणाला पुढं बसू दिलं जात नाही, हे ते टिपत होते. सुरुवातीला सगळं गाव लोटायचं आणि नवलाई संपली की गर्दी ओसरायची, हेही त्यांनी नोंदवलं. आरोग्यासारख्या विषयांत बाया आणि निरक्षर माणसं बरंच शिकली, पण शेतीच्या नव्या पद्धती शेतकऱ्यांनी त्यावरून उचलल्या असं काही फारसं दिसलं नाही. प्रयोग करणाऱ्यांना हे ऐकायला गोड नव्हतं. तरी त्यांनी ते लिहिलं.

त्याच काळात गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज या गावी एक छोटं केंद्र चालायचं. तिथं तर गावकऱ्यांनाच कार्यक्रमात घेत. मजुरीचे, सावकारीचे विषय त्यांच्याच बोलीत मांडत. हा कार्यक्रम जिल्ह्यापुरता, पण १९८४ मध्ये युनेस्कोनं त्याला ग्रामीण संपर्काचा पुरस्कार दिला. पुढं सगळं दिल्लीहून दिसू लागलं आणि जिल्ह्यापुरता टीव्ही ही कल्पनाच मागं पडली.

आज कोण कुणाला विचारतं?

सह्याद्री वाहिनी आपल्याकडं फुकट दिसते. डीडी फ्री डिशची छत्री एकदा बसवली की महिन्याचा रिचार्ज नाही, म्हणून शेतवस्तीवर आजही तीच जास्त. 'आमची माती, आमची माणसं' बघत मोठी झालेली पिढी अजून शेती करतेय. मग या प्रेक्षकाचं मत कसं कळतं? टीव्हीचे आकडे काढणारी बार्क नावाची संस्था ऑक्टोबर २०१५ पासून खेड्यांतलेही आकडे देते. त्यासाठी देशभरात पन्नास हजारांहून जास्त घरांत मीटर बसवलेले आहेत. मीटर काय सांगतो? टीव्हीवर कोणतं चॅनल लागलं होतं, आणि किती वेळ. जाहिरातवाल्याला तेवढं पुरतं. पण जाफ्राबादच्या शेतकऱ्याला कापसाच्या बोंडअळीची माहिती वेळेवर मिळाली का, हे मीटरला कळत नाही.

डीडी किसान हे शेतकऱ्यांचं चॅनल २६ मे २०१५ ला सुरू झालं. नऊ वर्षांनी त्यावर कृष आणि भूमी नावाचे दोन कृत्रिम निवेदक आणले. ते पन्नास भाषांत बोलतात म्हणे. पन्नास भाषांत सांगायची सोय झाली. एका भाषेत विचारायची झाली असती तर बरं झालं असतं, असं आपलं माझं मत.

आता म्हणाल, आमच्या गावावर कॅमेरे येत नाहीत असं कुठंय? १ सप्टेंबर २०२३ नंतर अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत देशभरचे कॅमेरे आले होते. महिनोन् महिने होते. अख्ख्या देशानं जालना जिल्हा बघितला. पण कॅमेरा घटनेमागं येतो आणि घटनेमागंच जातो. पाणीपुरवठा योजनेचं काम का अडलं, अतिवृष्टीच्या पंचनाम्याच्या यादीत शेजाऱ्याचं नाव आलं आणि आपलं कसं राहिलं, यासाठी तो येणार नाही. ते काम गावाच्या स्वतःच्या प्रसारणाचं आहे.

त्यात आणखी एक गोष्ट बघा. जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांच्या सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडं गेला. प्रशासकाच्या राजवटीत सदस्यच नाहीत, म्हणजे सर्वसाधारण सभेत उभं राहून भांडणारं कुणी नाही. दाखवायचं तरी काय? मग जिल्ह्याच्या पानांवर काय दिसतं, तर भेटी, उद्घाटनं, आढावा बैठकीचे फोटो. अशा काळात माणसाला उठून प्रश्न विचारायची हक्काची जागा उरते ती ग्रामसभा. म्हणून ती कशी दाखवतात, याला किंमत आहे.

विचारायचं तर कसं?

समजा एखाद्या ग्रामपंचायतीनं ठरवलं की आपल्या लाईव्हबद्दल गावाला विचारू. सगळ्यात आधी काय होईल? व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल टाकतील. "ग्रामसभेचं लाईव्ह आवडलं का? होय, नाही." शंभर जण 'होय' दाबतील, आणि झाला सर्व्हे.

यात तीन घोटाळे आहेत.

पहिला, ग्रुपवर आहे कोण? मोबाईल असलेला, बहुतेक पुरुष, बहुतेक तरुण. घरात एकच मोठा फोन असेल तर तो पोराच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात. मंठा-परतूरकडच्या तांड्यांवर, गावाबाहेरच्या वस्तीवर, जिथं रेंजसाठी टेकाडावर चढावं लागतं, तिथली माणसं या पोलमध्ये नाहीतच. आणि दिवाळीनंतर विचारलं तर ऊसतोडीला गेलेली घरं कुलूपबंद. अंबड, घनसावंगी भागातून किती जोड्या जातात हे आपल्याला माहीत आहे. या लोकांना फडावरून मोबाईलवर गावची सभा बघायची सगळ्यात जास्त गरज, आणि तेच विचारण्यातून सुटणार.

दुसरा घोटाळा, विचारतो कोण? ज्यांच्याकडं रहिवासी दाखला, नमुना ८ चा उतारा, घरकुलाचा कागद अडकलेला असतो, त्या ग्रामसेवकांनीच, आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, दारात येऊन विचारलं की "काय काका, लाईव्ह कसं वाटतं?" तर काका काय सांगणार? "लई छान, साहेब." यात काकांचं चुकत नाही. पुण्याच्या प्रयोगात आकाशवाणीनं तपासणी दुसऱ्या संस्थेकडं दिली होती, ती अशाच कारणासाठी लागते. गावात कॉलेजची पोरं असतात, बचत गटाच्या ताई असतात. एका गावच्या पोरांनी दुसऱ्या गावात जाऊन विचारावं, ओळख आड येत नाही.

तिसरा घोटाळा प्रश्नातच आहे. "आवडलं का" या प्रश्नाचं उत्तर कुणालाच उपयोगी नाही. आवडायला ते कीर्तन थोडंच आहे? विचारायचं असं: मागच्या ग्रामसभेत कोणता ठराव झाला, तुम्हाला माहीत आहे का? कुणाकडून कळलं, मोबाईलवरून, माणसाकडून, की कळलंच नाही? गेल्या महिन्यात सरकारी योजनेची कोणती तारीख तुमच्याकडून हुकली? पीक विम्याची, ई-पीक पाहणीची? आणि घरातल्या बाईला वेगळं बसवून विचारायचं: तुम्ही ग्रामसभेला गेला होता का, नसाल तर का? लाईव्ह चालू असताना बोलायला संकोच वाटतो का?

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कायद्यानं नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. बऱ्याच ठिकाणी ती कागदावर होते, ते सोडा. पण जिथं होते तिथं बाया दारूचं, पाण्याचं, रेशनचं मोकळं बोलतात, कारण समोर बायाच असतात. तिथं मोबाईल लावला आणि तो व्हिडिओ संध्याकाळी पारावर फिरला, तर पुढच्या वेळी कोण बोलेल? रेशन दुकानाची तक्रार करणाऱ्या मजुराचंही तेच. लाईव्हमुळं सरपंच जपून बोलतो, हा फायदा. लाईव्हमुळं गरीबही जपून बोलतो, हा तोटा. तुमच्या गावात यातलं काय जास्त होतंय, हे दारोदार विचारल्याशिवाय समजणार नाही. आणि उत्तर गावागणिक वेगळं येऊ शकतं.

खर्च म्हणाल तर जवळपास नाही. समजा गावात चारशे घरं आहेत. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या रजिस्टरमध्ये घरांची यादी असतेच. चिठ्ठी टाकून एक ते दहामधला एक आकडा काढायचा आणि तिथून दर दहावं घर घ्यायचं. चाळीस घरं होतात. चार पोरं दोन दिवसांत उरकतील. घर कुलूपबंद असेल तर शेजारचं घ्यायचं नाही, फोन लावायचा, माणूस फडावर असला तरी बोलतो. शेजारचं घर घेतलं की पुन्हा गावात असणाऱ्यांचंच मत येतं. आणि जी घरं रजिस्टरवरच नाहीत, गायरानातली, वस्तीवरची, त्यांच्यासाठी मतदार यादीही बाजूला ठेवायची.

चाळीस घरांतून पक्की टक्केवारी निघत नाही, ते खरंय. पण चाळीसपैकी तीस घरांना मागच्या ग्रामसभेत काय ठरलं हेच माहीत नसेल, तर टक्केवारीची गरज काय?

काही जण विचारतील, लाईव्ह आहे तर ग्रामसभेला जायचं कशाला? इथं एक गोष्ट लक्षात असू द्या. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यापैकी जी संख्या कमी असेल ती. ही संख्या मंडपातली. मोबाईलवर बघणाऱ्याची रजिस्टरवर सही नसते. कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली की तहकूब सभेला कोरमची अट राहत नाही, आणि तिथं मूठभर माणसांत ठराव होऊन जातात. वाळूजला, चाकणला कामाला असलेल्या पोरानं लाईव्ह बघणं वेगळं, आणि गावात असून ओट्यावर बसून बघणं वेगळं. सर्व्हेत हेही विचारायला हवं: लाईव्ह सुरू झाल्यापासून तुमचं सभेला जाणं वाढलं की कमी झालं? लाईव्हमुळं मंडप रिकामा होत असेल, तर सहाशे व्ह्यूजचा आनंद कशाचा?

आणि विचारून झाल्यावर आलेलं उत्तर पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवायचं, लाईव्ह चालू असताना. १९५६ च्या मंडळांना पुण्याहून उत्तर यायचं म्हणून ती पुन्हा कागद पाठवायची. इथं तर पुणंही मध्ये नाही. विचारणारं गाव, सांगणारं गाव.

पुढची ग्रामसभा तुमच्याकडं कधी आहे ते नोटीस बोर्डावर बघून घ्या. बोर्डावर नसेल तर तोच पहिला प्रश्न. आणि गेलात की एक करा. मोबाईल कुठं टेकवलाय ते बघा. बहुतेक ठिकाणी तो पुढच्या टेबलाकडं तोंड करून असतो, त्यामुळं सरपंच आणि साहेब स्वच्छ ऐकू येतात. बाया बसतात मागं, भिंतीच्या कडेला. तिथून कुणी काही विचारलं तर रेकॉर्डिंगमध्ये नुसता गलका येतो, आणि सभासारच्या इतिवृत्तात तेवढंही येणार नाही. एक साधा माइक मागं फिरवायला किती खर्च येतो, हे त्याच सभेत विचारता येईल.